नगरच्या फरारबाई

स्वदेश सोडून आलेल्या माणसाची परीक्षा त्याच्या हेतूवरून करावी, कीं त्याच्या मागें काय रुजलें यावरून? सन १८१३ त गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले, तेव्हां कंपनी सरकारचा हुकूम परत जाण्याचा होता. तरी मिशन टिकलें. १८२६ त हॉल यांचा अंत पटकीनें झाला. पुढच्याच वर्षीं सिंथिया फरार ह्या अविवाहित शिक्षिका न्यू हॅम्पशायरहून मुंबईस आल्या. १८३९ पासून अहमदनगर हेंच त्यांचें कार्यक्षेत्र झालें. तेथेंच १८६२ त त्या निवर्तल्या.

मिशनचा उद्देश धर्मप्रसाराचा होता, हें झांकण्याचें कारण नाहीं. परंतु फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले यांस स्फूर्ति झाली, व १८४८ त त्यांनीं पुण्यास मुलींची शाळा काढली. फुल्यांनीं तेथून शाळा घेतली, धर्म घेतला नाहीं. देणाऱ्याचा हेतु कांहींही असो, काय घ्यावें हें घेणाऱ्याच्या विवेकावर असतें. युसूफ वडगांवसारख्या गांवांतल्या मुली आज शाळेस जातात, त्यांच्या वाटेचा आरंभ शोधतांना शेजारच्या नगर जिल्ह्यांतील ह्या परदेशी बाईंस विसरणें आम्हांस कृतघ्नपणाचें वाटतें.