भूमिस्वामीचा वर्ग कोणता?

वऱ्हाडातला हस्तलिखित सातबारा संगणकावर चढला आणि चुकांचे पीक आले. तेव्हापासून दोष संगणकाच्या माथी मारला जातो. हे निदान अर्धेच खरे आहे. या नोंदींनी त्याआधीही बिऱ्हाडे बदलली होती आणि दर वेळी थोडे काही मागे राहिले होते. 1853 च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले, 1860 च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली. 1903 साली मध्य प्रांताशी जोडणी झाली, तरी नागपुरात मालगुजारी आणि अकोला-अमरावतीत रयतवारी चालूच राहिली. पुढे मध्य प्रदेशाची 1954 ची जमीन महसूल संहिता आली. 1956 मध्ये वऱ्हाडासह विदर्भ मुंबई राज्यात, 1960 मध्ये महाराष्ट्रात गेला आणि 15 ऑगस्ट 1967 पासून महाराष्ट्राची संहिता लागू झाली.

खरी मेख इथे आहे. जुन्या संहितेत भूमिस्वामी आणि भूमिधारी असे हक्क होते. नव्या संहितेच्या कलम 29 ने भूमिधाऱ्याला भोगवटादार वर्ग 2 मध्ये घातले. भूमिस्वामीला मात्र हस्तांतरणावर बंधन नसेल तरच वर्ग 1. म्हणजे एकाच नावाखालची माणसे दोन रकान्यांत वाटायची, आणि ते बंधन एखाद्या जुन्या फेरफारात दडलेले. कागदावर हे खपून गेले, कारण पटवारी (वऱ्हाडात तलाठ्याला तोंडी अजून हाच शब्द) गाव ओळखून होता. नाव कंसात गेले म्हणजे त्या माणसाचा हक्क संपला, हे त्याला सांगावे लागत नसे. संगणकाला लागते: कंस सुटला की वारलेला खातेदार पुन्हा मालक होतो आणि क्षेत्राची बेरीज फुटते.

यावर कुणी म्हणेल, कंस सोडणारा टंकनिकच ना? बरोबर. पण तशी चूक मूळ वहीशी ताडली की सापडते, आणि लेखनप्रमाद दुरुस्तीला कलम 155 आहे. वर्गाची गफलत वहीशी तंतोतंत जुळते, कारण ती वहीतच आहे! एका प्लॅटफॉर्मवरची व्हर्च्युअल मशीन दुसरीकडे हलवणाऱ्यांनाही हा अनुभव नवा नाही. मशीन सुरू होते, आणि कुठेच लिहून न ठेवलेली जुनी सोय तुटल्याचे मागाहून कळते.

1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. स्वाक्षरी उताऱ्याची हमी देते, 1967 साली कुणाला कोणत्या रकान्यात बसवले त्याची देत नाही. तेव्हा वऱ्हाडात शेत घेणाऱ्याने ‘वर्ग 1’ वाचून बयाणा देऊ नये. आधी 1954-55 च्या अधिकार अभिलेख पंजीची आणि त्यानंतरच्या फेरफारांची नक्कल रेकॉर्ड रूममधून काढावी.