रक्तातल्या खुणा: एमएसचा मुंबईतला शोध

हवापालटासाठी देवळालीला येणारा पारशी समाज आपल्या नाशिककरांच्या चांगल्या ओळखीचा. आजच्या विषयात हाच समाज मध्यभागी आहे. विषय आहे मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवरच्या मायलिन आवरणावर उलटते. पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ मध्ये त्याचं नीट वर्णन केलं. त्यानंतर बराच काळ तो थंड देशांतल्या गोऱ्या लोकांचा आजार समजला गेला. आता बघा, आपल्याकडे नाहीच असं एकदा ठरलं, की कोणी शोधतही नाही.

मुंबईत मात्र शोधणारे होते. डॉ. भीमसेन सिंघल आणि डॉ. नोशीर वाडिया यांनी १९७५ मध्ये मुंबई परिसरातल्या रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढे १९८८ आणि १९९० मध्ये पारशी समाजाच्या दोन पाहण्या आल्या. मुंबईच्या पारशांत लाखामागे २१ ते २६ रुग्ण! बाकी भारतासाठी तेव्हाचा अंदाज लाखामागे एक-दोनच. शहर तेच, हवा-पाणी तेच. राहणीत फरक असेल. पण शतकांपूर्वी इराणातून आलेला, आपापसातच लग्नं करणारा हा समाज. साहजिकच नजर रक्ताकडे वळली.

आपल्या पांढऱ्या पेशींवर एचएलए नावाच्या खुणा असतात. आपलं कोण, परकं कोण, हे प्रतिकारशक्तीला त्यावरून कळतं. त्या तपासायच्या कशा? बाळाला वडिलांकडून मिळालेल्या खुणांविरुद्ध आईच्या रक्तात अँटिबॉडी तयार होऊ शकतात. म्हणून अनेक बाळंतपणं झालेल्या बायकांचं सिरम वापरायचे. त्यात रुग्णाच्या पेशी मेल्या, की ती खूण आहे असं समजायचं.

१९७२ च्या सुमारास डेन्मार्कमध्ये एमएसच्या रुग्णांत काही खुणा जास्त दिसल्या. १९८० च्या सुमारास वाडिया आणि सहकाऱ्यांनी भारतीय रुग्ण तपासले, तर युरोपचा साचा इथे जसाच्या तसा बसेना. पुढे तपासणी जनुकांपर्यंत पोहोचली आणि डीआर-१५ चा संबंध इथेही दिसला. पण खूण म्हणजे आजार नव्हे, बरं का. ती असलेली बहुतेक माणसं ठणठणीत असतात.

खरी उलथापालथ झाली २००४ मध्ये. मेयो क्लिनिकच्या व्हँडा लेनन यांच्या गटाला रुग्णांच्या रक्तात एक अँटिबॉडी सापडली; ती अॅक्वापोरिन-४ या प्रथिनावर हल्ला करते, हे २००५ मध्ये कळलं. डोळ्याची नस आणि मज्जारज्जू यांवरच घाव घालणाऱ्या ज्या आजाराला ‘आशियाई एमएस’ म्हणत, त्यातल्या बऱ्याच जणांना एमएस नव्हताच! तो होता न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. हा नुसता नावाचा घोळ नाही. एमएसवर दिलं जाणारं इंटरफेरॉन या आजारात अपाय करू शकतं. म्हणजे चुकीच्या नावाची किंमत रुग्ण डोळ्यांनी आणि पायांनी मोजतो.

२०२२ मध्ये अमेरिकी सैनिकांच्या साठवलेल्या रक्तावरून आणखी एक गोष्ट कळली: एपस्टीन-बार विषाणूच्या संसर्गानंतर एमएसचा धोका सुमारे ३२ पट वाढतो. पण हा विषाणू बहुतेक सगळ्या प्रौढांत असतो, मग आजार थोड्यांनाच का? इथे पुन्हा एचएलएसारख्या खुणांकडे यावं लागतं.

एमएस आहे असं ठामपणे सांगणारी एकच रक्ततपासणी आजही नाही. लक्षणं, एमआरआय, पाठीतलं पाणी, सगळं जुळवावं लागतं. मात्र कोणाला पूर्वी एमएस सांगितला असेल आणि त्रास डोळा व मज्जारज्जूचाच असेल, तर ‘अॅक्वापोरिनची तपासणी झाली आहे का?’ एवढं आपल्या न्यूरॉलॉजिस्टना जरूर विचारा. औषध मात्र मनानं बंद करू नका.