गोदाकाठची गात्रवीणा

पंचवटीत इंद्रकुंडाजवळ महापालिकेचे एक सभागृह आहे. त्याला पंडित पलुस्करांचे नाव दिलेले आहे. तेथे कार्यक्रमास येणाऱ्यांपैकी पुष्कळांना हे नाव कोणा गवयाचे आहे, एवढेच ठाऊक असते. ज्या पुरुषाने हिंदुस्थानी गायन संस्थानिकांच्या दिवाणखान्यातून बाहेर काढून साध्यासुध्या कुटुंबांच्या उंबरठ्यापर्यंत आणले, त्यानेच सर्वस्व गमावण्याच्या काळात याच पंचवटीचा आसरा घेतला, हा इतिहास नाशिककरांच्याही विस्मरणात चालला आहे. तो येथे सांगावा असे आम्हांस वाटले. त्यास आमचे स्वतःचे असे एक कारण आहे. ते ओघात येईलच.

विष्णू दिगंबर पलुस्कर यांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील कीर्तनकार. बालपणी फटाक्याने डोळ्यांस इजा झाली आणि दृष्टी जवळजवळ गेली. शाळेचे शिक्षण खुंटले, तेव्हा मुलास गाणे शिकवावे असे ठरले. (दृष्टी गेलेल्यास गाण्याकडे वळविणे ही आपल्या समाजाची जुनी सोय. त्यात करुणा किती आणि निरुपाय किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.) मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशी त्यांचे शिक्षण झाले. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविणारे हेच बुवा. संस्थानचा आश्रय होता. काही उणे नव्हते. परंतु असे सांगतात की, एका समारंभाचे निमंत्रण विष्णुबुवांस आले आणि त्यांच्या गुरूंना मात्र आले नाही. गवई म्हणजे आश्रित. त्याला बोलावले काय आणि न बोलावले काय! हा सल घेऊन 1896 साली त्यांनी मिरज सोडली.

पुढील वर्षे भ्रमंतीची आहेत. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर गायन केले. त्या काळी ही गोष्ट अनेकांना विपरीत वाटली असेल, पण तिच्यातील अर्थ मोठा आहे. चार आणे देणारा कोणीही श्रोता आता दरबारातील सरदाराच्या बरोबरीने बसणार होता. 5 मे 1901 रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्यामागे कोणी राजा नव्हता; लोकवर्गणी आणि गायनाची मिळकत यांवर ते चालले. ठराविक अभ्यासक्रम, परीक्षा, स्वरलेखनाची स्वतःची पद्धत, छापील क्रमिक पुस्तके या साऱ्यांची घडी त्यांनी बसविली. जी विद्या गुरूच्या मर्जीवर अवलंबून होती, ती शाळेत जाऊन घेता येऊ लागली. त्यांनी गृहिणींना आणि मुलींनाही गाणे शिकविण्याची सोय केली. त्या काळी गाणाऱ्या स्त्रीकडे समाज कोणत्या नजरेने पाही, हे लक्षात घेतले म्हणजे या धैर्याचे मोल कळते.

येथे आम्हांस एक गोष्ट संकोच न बाळगता नमूद केली पाहिजे. 1903 साली पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी प्रसिद्ध आदेश काढला. ख्रिस्तसभेचे खरे संगीत म्हणजे केवळ कंठसंगीत, अशी त्यातील भूमिका आहे. ऑर्गनला साथीपुरती मुभा, पियानोला मनाई. परंतु त्याच आदेशाने गायकवृंदात स्त्रियांना स्थान नाकारले आणि वरचे स्वर मुलांनी गावेत असे सांगितले. मानवी कंठाचा एवढा गौरव करणाऱ्या लेखात निम्म्या मानवजातीचा कंठ बाहेर राहिला. बाराव्या पायस यांनी 1955 साली ती अट सैल केली. एका पंडिताने त्याच काळात स्त्रियांपुढे तानपुरा ठेवला होता, हे आपण मोकळ्या मनाने मान्य करावे.

1908 मध्ये पलुस्कर मुंबईस आले. विद्यालयासाठी मोठी इमारत उभी राहिली आणि तिच्याबरोबर कर्जही. व्याज फेडण्यासाठी गावोगाव गायन करावे, तर शिकविणे मागे पडे. शिकवीत बसावे, तर व्याज वाढे. अखेर 1924 च्या सुमारास सावकारांनी इमारत लिलावात काढली. तोवर त्यांचे मन रामनामाकडे वळले होते. अंगावर भगवी वस्त्रे आली होती, नाशिकास श्रीरामनाम आधाराश्रम उभा राहिला होता, आणि तुळशीदासांच्या रामायणावर ते गात आणि बोलत असत. ज्याने खयालाची मैफल गाजवली त्याने भजनी व्हावे, याचा काही रसिकांना खेद झाला. आम्हांस तो पटत नाही. कीर्तनकाराचा मुलगा कीर्तनाकडे परतला, इतकेच. पौष वद्य एकादशीस निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी निघालेल्या दिंड्या या शहराने पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या आहेत. त्यांत गवई कोण आणि श्रोता कोण, हा भेदच नसतो. ‘रघुपती राघव’ या धुनीची जी चाल 1930 च्या दांडीयात्रेबरोबर सर्वतोमुखी झाली, तिचे श्रेय सामान्यतः पलुस्करांसच दिले जाते. तिला साथीला टाळ्यांपलीकडे काही लागत नाही.

आपल्या शास्त्रकारांनी मानवी देहालाच ‘गात्रवीणा’ म्हटले आहे. एक वीणा लाकडाची, दुसरी गात्रांची. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. गीत, वाद्य आणि नृत्य मिळून संगीत, हे सांगून तो पुढे क्रम लावतो: नृत्य वाद्याच्या मागून जाते आणि वाद्य गीताच्या मागून. (याच यादवांची आरंभीची राजधानी आमच्या जिल्ह्यातील सिन्नर, हा अभिमान आम्हांस क्षम्य असावा.) आजही वादकाची थोरवी सांगताना ‘वाद्य गाते’ असेच आपण म्हणतो. पेटीवर मींड काढता येत नाही, म्हणून 1940 साली आकाशवाणीने तिला बाहेर ठेवले आणि ती बंदी कित्येक वर्षे टिकली.

संत ऑगस्टिन हे कबुलीजबाबाच्या दहाव्या भागात मोठ्या पेचात सापडलेले दिसतात. स्तोत्राचे शब्द हृदयात जातात ते गायनामुळे, हे त्यांना कळते. आणि शब्दांपेक्षा सूरच गोड वाटला तर ते पाप, असेही वाटते. अलेक्झांड्रियाचे संत अथानासियस तर स्तोत्रे जवळजवळ बोलल्यासारखी म्हणवून घेत, याची ते आठवण काढतात. मात्र स्तोत्रांवरील प्रवचनांत त्यांनीच शब्दाविण निघणाऱ्या आनंदस्वराचे वर्णन केले आहे: कापणीच्या वेळी शेतात गाणाऱ्यांचे शब्द संपतात आणि नुसता स्वर उरतो, कारण हर्ष शब्दांत मावत नाही. आपल्याकडील आलाप ऐकलेल्या माणसास याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाला तर गाण्याने तारले आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले. त्याच्या दहा हजारांहून अधिक ओव्या. गोव्यात पुढे देशी भाषांवर गदा आली. त्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज हाती नाही, आणि तरी हस्तलिखितांतून आणि गाणाऱ्यांच्या मुखातून ते पुराण जगले. नारायण वामन टिळक बालवयात नाशिकला शिकले, लक्ष्मीबाई जवळच्या जलालपूरच्या. टिळकांनी परक्या चालींची कास सोडून अभंग आणि कीर्तन जवळ केले. ते प्रोटेस्टंट पंथाचे. पण मराठी माणसाच्या मुखी ख्रिस्तनाम कसे बसवावे, हे आम्हां कॅथोलिकांनाही त्यांच्याकडून शिकावे लागले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध करून लोकांच्या स्वतःच्या संगीताला मान दिला. त्याआधी अर्धे शतक टिळकांनी ते केले होते.

आता आमचे कारण. अनेक धर्मग्रामांत मिस्साच्या वेळी की-बोर्ड आणि ध्वनिवर्धक इतके वरचढ झाले आहेत की भाविकांनी ओठ मिटून घेतले आहेत. चार मुले माईकपुढे गातात, चारशे माणसे ऐकतात. मुलांचा उत्साह आम्हांस प्रिय आहे आणि वाद्यांशी आमचे वैर नाही. पण वीज गेली म्हणजे काय होते ते पाहावे. क्षणभर सगळे थांबते. मग मागच्या बाकांवरून कोणी आजी अर्धवट राहिलेले कडवे उचलते, आणि हळूहळू सगळे मंदिर गाऊ लागते. परिषदेने ज्याला भाविकांचा सक्रिय सहभाग म्हटले, तो आम्हांस अंधारातच जास्त दिसला आहे.

पलुस्करांचे 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेस निधन झाले. पुत्र दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. अनेक अपत्यांपैकी तेवढा एकच जगला होता. वडिलांच्या शिष्यांनी, विशेषतः विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी, त्याला शिकविले. चौदाव्या वर्षी त्याने पंजाबातील हरवल्लभ संमेलनात गायन केले. ऑक्टोबर 1955 मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, तेही गेले. त्यांच्या भजनांच्या ध्वनिमुद्रिका मात्र आजही मिळतात. त्यांत तानपुरा, तबला, क्वचित पेटी असते, आणि या सर्वांच्या वर अगदी स्वच्छ असा एक आवाज.