तळटीप १७ : ओव्याचे फूल
१७. ओव्याचे फूल : ओव्याच्या तेलातून निघणारे थायमॉल हे स्फटिकरूप द्रव्य, वैद्य आणि काष्ठौषधीवाले त्याला ‘फूल’ म्हणतात. ओव्याच्या दाण्यांचे वाफेवर ऊर्ध्वपातन केले की वजनाच्या साधारण २ ते ४ टक्के सुगंधी तेल मिळते. ते गार करून ठेवल्यावर त्यात उग्र वासाचे पांढरे खडे जमतात. बर्लिनचे औषधशास्त्रज्ञ कास्पर नॉयमान यांनी १७१९ मध्ये हेच द्रव्य थाइम या वनस्पतीच्या तेलातून वेगळे केले. पहिल्या महायुद्धापूर्वी ते काढण्यासाठी हिंदुस्थानातून ओवा जर्मनीला जात असे. थायमॉल जिवाणूच्या पेशीभोवतीच्या स्निग्ध पटलात शिरते. पटल सैल पडून आतले पोटॅशियम व इतर द्रव्ये बाहेर झिरपतात आणि जिवाणूची वाढ थांबते किंवा तो मरतो. येथे वैद्यबुवा किडलेल्या दाढेत त्याचा बोळा ठेवतात तो याच गुणासाठी. गुळण्यांच्या काही औषधांत ते आजही अल्प प्रमाणात असते. खलात कापूर आणि पुदिन्याचे फूल (मेन्थॉल) घालताच खडे पाण्यावाचून पातळ झाले, असे पुढे वर्णन आहे. ही घन द्रव्ये एकत्र आली की मिश्रणाचा द्रवणांक उतरतो आणि ते नेहमीच्या तापमानालाच वितळते. घरोघरी ‘अमृतधारा’ म्हणून ठेवले जाई ते हेच मिश्रण. शुद्ध फुलाने कातडी व हिरड्या भाजतात. वाचकांनी या प्रयोगाचे अनुकरण करू नये.