घोळाणा आणि भाकरी

अन्न कच्चे खावे की शिजवून, हा प्रश्न अलीकडे शहरी घरांतून वरचेवर ऐकू येतो. एक पक्ष म्हणतो की अग्नीचा स्पर्श होताच वनस्पतीतील सत्त्व निघून जाते. दुसरा पक्ष कच्च्या पानालाही भितो. या वादात मराठवाड्याच्या शेतकरी स्त्रीला साक्षीसाठी कोणी बोलाविलेले दिसत नाही. तिच्या ताटात मात्र दोन्ही पक्ष कित्येक पिढ्या शेजारी शेजारी बसले आहेत. मध्यभागी चुलीवरची ज्वारीची भाकरी, सोबत शिजविलेले वरण किंवा पिठले, आणि कडेला घोळाणा. मेथीचा, हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांचा किंवा पाथरीचा पाला चिरून त्यात कांदा, शेंगदाण्याचा कूट, तिखट व मीठ घालावयाचे आणि वरून करडईच्या कच्च्या तेलाची धार सोडावयाची, एवढाच हा प्रकार. त्याला चूल लागत नाही. ही मांडणी केवळ चवीची आहे असे समजण्याचे कारण नाही. ती कशी घडली आणि ती मोडली तेव्हा माणसांचे काय झाले, हा इतिहासाचा विषय आहे.

कच्च्या अन्नाचा इतिहास लिहिण्यात एक मोठी अडचण आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. सुमारे साडेतीन ते पावणेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वसाहतीत जव, गहू, मसूर, कुळीथ, वाल अशी धान्ये सापडली. ती आपल्या हाती लागली याचे कारण एकच: ती जळाली होती. जळून कोळसा झालेला दाणा मातीत टिकतो. शेताच्या बांधावर खुडून तोंडात टाकलेल्या पानाचा मागमूस उरत नाही. त्यामुळे आपले पूर्वज काय शिजवीत होते हे पुरातत्त्व बरेच सांगते. ते काय तसेच खात होते याविषयी ते जवळजवळ मुके आहे.

लेखी साधनेही फारशी उदार नाहीत. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये देवगिरीला राजधानी हलविली आणि तिचे नाव दौलताबाद पडले. त्यानंतर काही वर्षांनी आलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तेथील द्राक्षांची व डाळिंबांची नोंद करतो, आणि नंदुरबारच्या मराठ्यांचे अन्न भात, भाज्या आणि तिळाचे तेल असल्याचे सांगतो. त्या भाज्या शिजविलेल्या की कच्च्या, हे विचारण्याचे त्याला कारण नव्हते.

दख्खनच्या वनस्पतींकडे वैद्याच्या नजरेने पाहणारा माणूस दोन शतकांनंतर गोव्यातून आला. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात उतरला. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्याचा स्नेही होता व त्याच्याकडे ओर्ताचे जाणेयेणे असे. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या संवादरूप ग्रंथात त्याने येथील औषधी, फळे व मसाले यांची चर्चा केली. जुन्या ग्रंथकारांच्या शब्दापेक्षा स्वतः पाहिलेल्या वस्तूवर भर देणारा हा माणूस ज्यू वंशाचा नवख्रिस्ती होता, आणि मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. आपल्या इतिहासातील हे पान झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्याच काळात पोर्तुगीज जहाजांतून अमेरिकेतील वनस्पती आपल्याकडे येत होत्या: मिरची, पेरू, पपई, सीताफळ. दौलताबादच्या डोंगरउतारांवरची सीताफळे आणि घोळाण्यातले तिखट ही मुळात दूरची पाहुणी आहेत, हे आज सांगूनही कोणास खरे वाटत नाही!

आता ताटाकडे वळू. कच्चे काय आणि शिजवावयाचे काय याचा निवाडा या भागातील स्त्रियांनी वनस्पतीगणिक वेगळा केला आहे, आणि आधुनिक पोषणशास्त्राने तो बव्हंशी उचलून धरला आहे. मेथी, कांदा, मुळा, हिरवी मिरची यांतील क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते व उष्णतेने नष्ट होते, म्हणून ती कच्ची खाण्यात लाभ आहे. शिवाय हेच जीवनसत्त्व धान्य व पालेभाज्यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास मदत करते. म्हणजे घोळाणा भाकरीतील लोहालाही उपयोगी पडतो. वरून घातलेल्या तेलामुळे पाल्यातील कॅरोटीनचा लाभ होतो. उलट अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते कच्चे खाल्ल्यास घसा खवखवतो, म्हणून अळू चिंच घालून शिजवितात. तांदुळजा, घोळ यांतही ऑक्झलेट असते व त्यांना चूल दाखविणे बरे. कडधान्ये कच्ची असताना त्यांत प्रथिनांचे पचन अडविणारी द्रव्ये असतात. भिजविण्याने व शिजविण्याने ती बरीच निष्प्रभ होतात.

सर्वांत शिकविणारी गोष्ट खुद्द ज्वारीची. तिचा पक्व दाणा निर्धोक, पण कोवळ्या ताटात धुरिन नावाचे द्रव्य असते व त्यापासून शरीरात हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. पावसाने ओढ दिलेल्या शेतातील कोवळी ज्वारी खाऊन जनावरे तडफडून मरतात, हे प्रत्येक गुराख्याला ठाऊक असते. हेच विष ज्वारीच्या मोडांतही असते. मटकी-मुगाप्रमाणे ज्वारीलाही मोड आणून ते कच्चे खाण्याचा उत्साह कोणी दाखवीत असेल, तर त्याने आधी गुराख्याला विचारावे. हुरडा ही गोष्ट वेगळी. तो कोवळ्या ताटाचा नसून कणसात भरलेल्या दुधाळ दाण्याचा असतो, आणि तोही आगटीतल्या निखाऱ्यावर भाजून, हातावर चोळूनच खातात.

पाथरीविषयी एक गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. ही शेतातली कडवट रानभाजी वनस्पतिशास्त्राप्रमाणे लेट्यूसच्या कुळातली. निर्गमच्या पुस्तकात वल्हांडणाच्या रात्री बेखमीर भाकर व कडू भाजी खाण्याची आज्ञा आहे, आणि यहुदी परंपरेत कडू भाजीसाठी लेट्यूस वापरण्याची चाल जुनी आहे. त्याच वचनांत मांस मात्र कच्चे खाऊ नका, विस्तवावर भाजा, असे बजाविले आहे.

कच्च्या पाल्याचे मोल कळले ते त्याच्या अभावाने. पहिल्या महायुद्धात जनरल टाउनशेंड याची पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात तैग्रिस नदीकाठी कुत-अल-अमारा येथे वेढली गेली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तो वेढा चालला. आत १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता व या पलटणींतील बहुतेक शिपाई देशावरचे आणि कोकणातले. पण त्यांच्या जेवणाची घडण आपल्या ताटासारखीच, भाकरी, डाळ आणि काही हिरवे अशी. वेढ्यात पीठ व डाळ काही काळ मिळत राहिली. हिरवे मात्र संपले. हिंदी शिपायांपैकी अनेकांनी घोड्याचे मांस खाण्यास दीर्घकाळ नकार दिला. परिणाम विलक्षण झाला. पांढऱ्या पिठाचा पाव खाणाऱ्या गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी जडली. कोंड्यासकट पीठ खाणारे हिंदी शिपाई तिच्यापासून वाचले, पण त्यांच्या हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात, पाय काळेनिळे पडले. हा स्कर्व्ही रोग. एका वेढ्यात दोन ताटे, आणि प्रत्येक ताटात नेमके जे नव्हते त्याचा रोग.

१९१६ मध्ये मेसोपोटेमियात हजारो हिंदी सैनिकांना स्कर्व्ही झाला. तेव्हा लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या संशोधक स्त्रिया या प्रश्नाच्या मागे लागल्या. कोरड्या डाळीत स्कर्व्ही थांबविण्याची शक्ती नाही. पण अख्खे कडधान्य भिजवून त्याला मोड आणले की ती शक्ती उत्पन्न होते, हे त्यांनी प्रयोगाने दाखविले आणि ते फार वेळ शिजवू नये असेही सांगितले. मोड आलेली मटकी आपल्या घरी नवी नव्हती. तिच्यात काय आहे हे मात्र जगाला या युद्धाने सांगितले. त्या द्रव्याला क जीवनसत्त्व म्हणून ओळखण्याचे काम १९३२ च्या सुमारास झाले. हंगेरीत सेंट-ग्यॉर्गी यांनी ते भरपूर प्रमाणात मिळविले ते पाप्रिका मिरचीतून, आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ओर्ताच्या काळात आपल्याकडे आलेल्या त्या पाहुणीचीच ही बहीण.

दख्खनच्या ताटाची दुसरी परीक्षा हैदराबादेत झाली. डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांतील पेलाग्रा या रोगाविषयी निबंध प्रसिद्ध केला. उन्हाने कातडी काळवंडणे, जुलाब, बुद्धिभ्रम ही त्याची लक्षणे. ज्वारीतील ल्युसिन या घटकाचे आधिक्य त्यास कारण असावे, असे त्यांचे मत होते. पुढे त्यावर बरेच वाद झाले. माझ्या मते त्या मजुरांच्या ताटात ज्वारीखेरीज फारसे काही उरले नव्हते, हे त्या निबंधातले अधिक बोलके सत्य आहे. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी असते आणि ती उणीव डाळ भरून काढते. भाकरीला दोष देण्याआधी तिच्या सोबतिणी कोणी नेल्या, हे पाहावयास हवे.

१९७२ च्या दुष्काळात औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांनी ते पाहिले. पुढल्या वर्षीच्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसे खडी फोडीत होती. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी, सुकडी यांनी माणसे जगविली, यात शंका नाही. पण धान्य जहाजाने आणता येते. घोळाण्याचा पाला आणता येत नाही. पाऊस नाही तेथे हरभऱ्याचे शेंडेही नाहीत आणि बांधावरची पाथरीही नाही. दुष्काळाने दाणा नेला हे सर्वांनी लिहिले. त्याने पानही नेले याची नोंद क्वचितच आढळते.

शहरात कच्च्या अन्नाचे भवितव्य पाण्यावर ठरते. खडकीचे शहर वसविताना मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी भूमिगत नहरींनी डोंगराचे पाणी आणले. याच जलव्यवस्थेच्या परंपरेत पुढे पाणचक्की फिरली व दर्ग्यात येणाऱ्यांसाठी धान्य दळू लागली. आता छत्रपती संभाजीनगर झालेल्या या शहरात २०२० नंतरच्या वर्षांतही अनेक वसाहतींना आठवड्यातून एखाद्या वेळीच नळाचे पाणी मिळाले. साठविलेल्या पाण्यात धुतलेल्या कच्च्या पाल्यातून हगवण आणि विषमज्वर घरात येऊ शकतात. अशा घरात गृहिणीने मेथी शिजविली, तर तिला पोषण कळत नाही असे कोणी म्हणू नये.

खेड्यात अडचण वेगळी आहे. कापूस, मका व ऊस यांनी ज्वारीचे रान व्यापले, आणि उरलेल्या शेतांत तणनाशकाची फवारणी आली. पाथरी, तांदुळजा, घोळ ही शेतकऱ्याच्या हिशेबी तणेच. हिवाळ्यात शहरातून मोटारी भरून मंडळी हुरडा खावयास जातात, आणि गूळभेंडीच्या हुरड्याला भावही चांगला मिळतो. पण त्या हुरड्याशेजारी बांधावरून खुडलेला पाला मागितला, तर आता पुष्कळ ठिकाणी मेथीची जुडी बाजारातून आणावी लागते.