भज्यांचा भाव

खाद्यपदार्थांचा इतिहास लिहिणें हें गंभीर अभ्यासकास शोभत नाहीं, अशी समजूत आमच्याकडे बराच काळ रूढ होती. राजांच्या वंशावळींस व लढायांच्या तारखांस इतिहास म्हणावें आणि कढईंत काय तळलें जातें तें स्वयंपाकघरावर सोपवावें, अशी ती वांटणी होती. तथापि ज्यास प्रजेचा इतिहास जाणावयाचा असेल त्याला बाजारभाव टाळून चालणार नाहीं. आणि बाजारांतील सर्वांत बोलका भाव कोणता असें कोणी विचारलें, तर आम्ही निःशंकपणें भज्यांचा भाव असें सांगूं.

भिवंडी शहरांत हा भाव कसा बोलतो तें पाहावें. पाळी बदलण्याच्या वेळीं यंत्रमागांच्या खडखडाटांतून बाहेर पडणारा विणकर प्रथम भज्यांच्या गाडीपाशीं थांबतो. त्याचें घर बहुधा दूर उत्तर प्रदेशांत, बिहारांत किंवा तेलंगणांत असतें. दोन वेळचें जेवण तो ‘बिसी’ नांवाच्या सामाईक खाणावळींत उधारीच्या हिशेबानें घेतो. मधल्या वेळची भूक मात्र रोख पैशानेंच भागवावी लागते. म्हणून जेवणाची महागाई त्याला हिशेबाच्या दिवशीं कळते, भज्यांची महागाई त्याच संध्याकाळीं कळते. त्याची मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर ठरते. बशीचा भाव वाढला म्हणून कोणी त्याच्या वाराचा दर वाढवीत नाहीं.

भाव वाढला कीं गिऱ्हाईक गाडीवाल्यास बोल लावतें. हा न्याय सोपा आहे, पण खरा नाहीं. भज्यांत काय असतें? बेसन, कांदा वा बटाटा, मीठ-मिरची, जळण, मेहनत आणि तेल. कांद्याचे भाव चढतात तसे उतरतातही, आणि तो नाशिकहून येतो. हरभरा मराठवाड्यांतून वा मध्य प्रदेशांतून येतो. या सर्वांत लांबून येणारें व गाडीवाल्याच्या हाताबाहेरचें असें एकच द्रव्य आहे, आणि तें म्हणजे तेल. भज्यांचा भाव हा वस्तुतः तेलाचा भाव होय.

याचा उलगडा परदेशांतील एका पदार्थाच्या तुलनेनें चांगला होतो. स्पेन देशांत, आणि स्पॅनिश सत्तेमुळें फिलिपीन्स बेटांत, डुकराचें कातडें तळून कुरकुरीत करतात; त्यास चिचारोन म्हणतात. या पदार्थाची चरबी त्याच्याच अंगीं असते. म्हणून तो महागतो तेव्हां कारण शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. इ. स. २०१९ सालीं फिलिपीन्समध्यें डुकरांची आफ्रिकन तापाची सांथ शिरली, जनावरें मेलीं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्यें मनिला शहरांत डुकराच्या मांसाच्या भावास सरकारला मर्यादा घालावी लागली. रोग गोठ्यांत, महागाई ताटांत. आमच्या भज्यास मात्र स्वतःची चरबी नाहीं. तें उसन्या स्नेहांत तळलें जातें, आणि तो स्नेह कोणाकडून उसना आणावयाचा हा आमच्या इतिहासांतील एक मोठा प्रश्न आहे.

एके काळीं त्याचें उत्तर गांवांतच होतें. ठाणें जिल्ह्यांतील वरकस जमिनींत तीळ व खुरासणी पिकत असे. तेल्याचा बैल लाकडी घाण्याभोंवतीं फिरे. तेल घरांत येई आणि पेंड गुरांपुढें जाई. कुलाब्याच्या किनाऱ्यावर बेने इस्रायल लोक हाच धंदा करीत. शनिवारीं ते घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. तेल स्वस्त होतें असें मात्र कोणी समजूं नये. दिव्यालाही तेंच लागे, आणि गरिबाच्या घरीं तळण हें सणाचें पक्वान्न होतें, रोजचा फराळ नव्हे. पण त्या महागाईचें कारण प्रत्येकास डोळ्यांसमोर दिसे: पाऊस, शेत, बैल आणि तेली.

एकोणिसाव्या शतकांत दोन बदल झाले. रॉकेलनें दिव्यांतील तेलाची जागा घेतली, आणि भुईमूग हें मूळचें दक्षिण अमेरिकेचें पीक आमच्या हलक्या जमिनींत पसरलें. युरोपांतील साबणाच्या व तेलाच्या गिरण्यांस दाण्यांची भूक होती. तेव्हांपासून आमच्या शेंगांचा भाव मार्सेयसारख्या दूरच्या बंदरांकडे पाहूं लागला. येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पदार्थाचें परकेपण हा आमच्या मतें दोष नव्हे. बटाटा परका, मिरची परकी, भुईमूगही परकाच. परंतु तीं पिकें आमच्या शेतांत रुजलीं आणि आमच्या शेतकऱ्याचीं झालीं. प्रश्न मूळ कोठलें याचा नाहीं, लगाम कोणाच्या हातीं याचा आहे.

तो लगाम पुढें यंत्राच्या हातीं गेला. इ. स. १९०२ सालीं नॉर्मन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें पातळ तेल हायड्रोजनच्या योगानें गोठविण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. अमेरिकेंत १९११ पासून अशा स्नेहानें डुकराच्या चरबीस स्वयंपाकघरांतून हुसकावण्यास आरंभ केला. आमच्याकडे त्यानें तुपावर चाल केली. १९३७ सालीं ‘डालडा’ बाजारांत आला आणि त्याचा पिवळा डबा मध्यमवर्गीय फडताळाचें भूषण झाला. महात्मा गांधींनीं या नकली तुपास विरोध केला. तरी डबा गेला नाहीं. तुपांत त्याची भेसळ झाल्यास ओळखतां यावी म्हणून सरकारनें वनस्पतींत थोडें तिळाचें तेल मिसळणें सक्तीचें केलें. ज्या तिळानें शतकानुशतकें आमचें तळण तळलें, तो आतां केवळ हेर म्हणून डब्यांत उरला.

स्वातंत्र्यानंतर तेलाचा प्रश्न रस्त्यावर आला. १९७२ च्या दुष्काळांत धान्य, तेल, रॉकेल सारेंच दुर्मिळ झालें, तेव्हां मुंबईंत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखालीं गृहिणींनीं महागाईविरुद्ध लाटणें मोर्चे काढले. ज्या हातीं लाटणें असतें त्या हातांस बाजारावरही बोलण्याचा अधिकार आहे, हें त्या बायकांनीं राज्यकर्त्यांस दाखविलें. परंतु तूट भरून निघाली ती आयातीनें. आमच्या बाळपणीं रेशनच्या दुकानांतून मलेशियाचें पामोलीन मिळूं लागलें होतें. हिंवाळ्यांत तें डब्यांत गोठे, आणि आई तें उन्हांत ठेवून पातळ करी. उष्ण देशाचें तें तेल आमच्या थंडीस कुडकुडत होतें!

याच सुमारास भिवंडीचें भाग्य पालटलें. येथें विणकाम नवें नव्हतें. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेंतील मोमीन विणकर येथें येऊन वसले, आणि विसाव्या शतकांत हातमागाची जागा यंत्रमागानें घेतली. १८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या गिरण्यांतील सुमारें अडीच लाख कामगारांनीं संप पुकारला. गिरण्या थंडावल्या, आणि त्यांच्या कापडाचा मोठा हिस्सा भिवंडीच्या मागांवर आला. गिरणगांवांतील कित्येक बेकार कामगारांनीं वडापावची गाडी लावली; भिवंडींतील नव्या कामगारांसाठीं भज्यांच्या गाड्या वाढल्या. एकाच संपानें एकीकडे वडे तळणारे आणि दुसरीकडे भजीं खाणारे वाढविले, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

तेलाच्या बाबतींत स्वावलंबनाचा एक प्रामाणिक प्रयत्न मध्यंतरीं झाला. १९८६ सालीं सरकारनें तेलबियांची तंत्रज्ञान मोहीम हातीं घेतली. दशकाच्या आंत गळिताच्या धान्यांचें उत्पादन जवळजवळ दुप्पट झालें आणि आयात नाममात्र उरली. पण १९९४ पासून पामोलीनची आयात खाजगी व्यापाऱ्यांस खुली झाली आणि पुढें जकातही उतरली. तेल स्वस्त झालें. रोज भजीं खाणें गरिबास परवडूं लागलें, हा लाभ नाकारणें अन्यायाचें होईल. मात्र आज देशास लागणाऱ्या खाद्यतेलापैकीं निम्म्याहून अधिक बाहेरून येतें, आणि त्यांत पामतेलाचा वांटा सर्वांत मोठा आहे. त्या स्वस्ताईचें मोल नंतर चुकवावें लागलें. फेब्रुवारी २०२२ मध्यें युक्रेनचें युद्ध पेटून सूर्यफुलाचें तेल अडलें. २८ एप्रिल रोजीं इंडोनेशियानें पामतेलाची निर्यात बंद केली. ती बंदी मेअखेरीस उठली, पण तेवढ्यांत आमच्या कढया हादरल्या. सप्टेंबर २०२४ मध्यें आमच्याच सरकारनें सोयाबीनवाल्या शेतकऱ्यास भाव मिळावा म्हणून कच्च्या तेलावरील मूळ जकात शून्यावरून शेंकडा २० केली, आणि मे २०२५ मध्यें गिऱ्हाइकासाठीं ती १० वर आणली. लातूरचा शेतकरी आणि भिवंडीचा विणकर यांचीं हितें एकाच तराजूच्या दोन पारड्यांत कशीं घातलीं गेलीं, तें यावरून दिसतें.

अशा वेळीं गाडीवाल्यापुढें तीनच मार्ग असतात. भाव वाढवावा, तर गिऱ्हाईक तुटतें. भजें लहान करावें, तर डोळ्यांत भरतें. तिसरा मार्ग असा कीं, कालचेंच तेल आज पुन्हां तापवावें. हा मार्ग सर्वांत सोपा व सर्वांत घातक आहे. वारंवार तापविलेल्या तेलांत अपायकारक द्रव्यें वाढतात; म्हणूनच १ जुलै २०१८ पासून अशा द्रव्यांचें प्रमाण शेंकडा २५ च्या वर गेलेलें तेल वापरण्यास कायद्यानें मनाई आहे. परंतु गल्लींतल्या प्रत्येक कढईचें माप घेण्यास कोण जाणार? महागाईचा जो हिस्सा पैशानें चुकविला जात नाहीं, तो देहानें चुकविला जातो, आणि तो कोणत्याही निर्देशांकांत मोडत नाहीं.

घाण्याच्या बैलाकडे परत जावें असें आम्ही म्हणत नाहीं. लाकडी घाण्याचें तेल आज पुन्हां मिळतें, पण तें श्रीमंतांच्या दुकानांत. विणकराच्या कढईंत तें येणार नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तेलबियांच्या शेतकऱ्यास रास्त भाव देण्याचें कर्तव्य राष्ट्राचें आहे, तें एकट्या भजीं खाणाऱ्याच्या खिशांतून पार पाडूं नये. आणि मापावर राबणाऱ्याची मजुरी ठरवितांना बिसीच्या जेवणाबरोबर मधल्या वेळच्या बशीचाही हिशेब धरावा. पाळी सुटलेला विणकर ‘आज एकच बशी’ म्हणतो, तेव्हां जकार्ता, कीव्ह व दिल्ली येथील निर्णय त्याच्या पोटापर्यंत पोंचलेले असतात. हें त्याला कोणी सांगितलेलें नसतें. आणि गाडीवाला तर बिचारा उगाच शिव्या खातो.