मंदावलेल्या संगणकाचे निदान : गगनबावड्याची चावडी आणि दूरचा सर्व्हर

कोल्हापूरच्या पश्चिमेस सुमारे ५५ किलोमीटरवर, करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांच्या माथ्यावर वसलेले गगनबावडा हे राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक असून, त्याच नावाचा तालुका लोकसंख्येच्या दृष्टीने कोल्हापूर जिल्ह्यातील सर्वांत लहान आहे. करवीर संस्थानाच्या काळात बावडा ही पंत अमात्यांची जहागीर होती आणि आज्ञापत्राचे कर्ते मानले जाणारे रामचंद्रपंत अमात्य हे या घराण्याचे मूळ पुरुष. अमात्य हे पद राज्याच्या जमाखर्चावर देखरेख ठेवणाऱ्याचे असल्यामुळे, जमीन आणि महसुलाच्या नोंदींशी या गावाचे नाते जुने आहे. पूर्वी त्या नोंदी दप्तरात बांधलेल्या असत आणि त्या मिळण्यास उशीर झाला तर त्याचे कारण दप्तर सांभाळणाऱ्याला ठाऊक असे. आज तालुक्यातील सातबारा, म्हणजे जमिनीचा अधिकार अभिलेख असलेला गाव नमुना सात आणि पिकांची नोंद असलेला गाव नमुना बारा यांचा एकत्रित उतारा, शेकडो किलोमीटर दूर असलेल्या संगणकांवर साठवलेला असतो, आणि तो उघडण्यास वेळ लागला तर त्याचे कारण चावडीत बसलेल्या कोणालाही दिसत नाही. संगणकाच्या मंदपणाचे निदान करण्याच्या विद्येचा सारा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो: मंदपणा जेथे जाणवतो तेथेच तो उत्पन्न होतो असे नाही.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाराष्ट्रात २०१८ पासून मिळू लागला आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, जिच्यात शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून उभ्या पिकाचे छायाचित्र काढून नोंद करतो. या कामांचा भार वर्षभर सारखा नसतो. खरीप पेरणी उरकली की पीक विमा, पीक पाहणी आणि कर्जासाठीचे उतारे यांची गर्दी थोड्या आठवड्यांत एकवटते आणि मुदत संपत आली की ती आणखी दाटते. ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द त्या दिवसांत सेतू केंद्रांपासून तलाठी कार्यालयांपर्यंत सर्वत्र ऐकू येतात, परंतु पुष्कळदा सर्व्हर बंद पडलेला नसतो, तो केवळ मंदावलेला असतो, आणि निदानाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, कारण बंद पडलेले यंत्र आपला बिघाड उघड करते, तर मंदावलेले यंत्र प्रत्येक काम पुरे करत राहून तो झाकून ठेवते.

अशा गर्दीचे गणित संगणकाहून जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर एरलांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोन संभाषणांच्या आगमनाचे शास्त्र मांडले आणि त्यातून रांगांचा सिद्धांत विकसित झाला. त्याच्या सर्वांत साध्या प्रतिरूपानुसार, एका कामाला एक सेकंद लागणारे यंत्र निम्मा वेळ व्यग्र असेल तर रांगेतील प्रतीक्षेसह काम सरासरी दोन सेकंदांत होते, नव्वद टक्के वेळ व्यग्र असेल तर दहा सेकंदांत आणि पंचाण्णव टक्के असेल तर वीस सेकंदांत. शेवटच्या पाच टक्क्यांनी प्रतीक्षा दुप्पट होते, म्हणूनच काल सुरळीत चाललेली प्रणाली आज थोड्याशा वाढीव भाराने अडखळते, आणि वापरणाऱ्याला मात्र काहीतरी एकाएकी मोडले असे वाटते.

महाराष्ट्रात संगणकाचा इतिहास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुरू होतो, जेथे १९६० च्या सुमारास पूर्ण झालेल्या आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केलेल्या यंत्रावर एका वेळी एकच काम चाले, त्यामुळे विलंबाचे मूळ त्या कामात किंवा त्या यंत्रातच शोधावे लागे. एकाच यंत्राचा वेळ अनेकांत वाटून देण्याची पद्धत रूढ झाल्यावर मात्र एकाच्या कामाने दुसऱ्याचे काम खोळंबू लागले आणि मंदपणा सामाईक झाला. डोनाल्ड नुथ यांनी १९७१ मध्ये प्रत्यक्ष वापरातील प्रोग्रॅम तपासून दाखवले की प्रोग्रॅमचा चार टक्क्यांहूनही लहान भाग निम्म्याहून अधिक वेळ खातो, तर कोणता भाग हे लिहिणाऱ्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही. अंदाजाच्या जागी मोजमाप आणणाऱ्या साधनांचा विस्तार यानंतर झाला, पण मोजलेल्या आकड्यांचा अर्थ लावण्याचे काम अजून माणसाकडेच होते.

ते काम यंत्राकडे सोपवण्याची गरज प्रथम तीव्र झाली ती समांतर संगणकांमुळे, म्हणजे अनेक प्रक्रियक एकत्र जोडून एकच गणित वाटून सोडवणाऱ्या यंत्रांमुळे. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये सिद्ध केलेला ‘परम ८०००’ हा याच जातीचा. अशा यंत्रात एक प्रक्रियक मागे पडला की उरलेले सारे त्याची वाट पाहत थांबतात आणि मोजमाप घेणाऱ्यापुढे आकड्यांचा असा ढीग पडतो की तो चाळणे माणसाच्या आवाक्याबाहेर जाते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात बार्टन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच दशकात ‘पॅराडाइन’ ही प्रणाली रचली. ती चालू प्रोग्रॅममध्ये स्वतःच मोजपट्ट्या घालून प्रोग्रॅम का मंदावला, कोठे मंदावला आणि केव्हा मंदावला हे तीन प्रश्न क्रमाने तपासत असे, आणि एक शक्यता खोटी ठरली की तेथील मोजमाप काढून घेऊन दुसरीकडे वळत असे. सगळे एकदम मोजल्यास मोजमापाचाच भार यंत्रावर पडतो, हे ओळखून केलेली ही रचना आजही अभ्यासण्यासारखी आहे.

व्यवहारातील प्रणालींसाठी खरे वळण डेटाबेसच्या क्षेत्रात आले. ओरॅकल कंपनीने २००३ मध्ये जाहीर केलेल्या आवृत्तीत डेटाबेस दर तासाला आपल्या स्थितीची नोंद स्वतःच जतन करू लागला आणि लागोपाठच्या दोन नोंदींची तुलना करून निष्कर्ष लिहू लागला. येथील महत्त्वाची कल्पना अशी की डिस्क, प्रक्रियक, कुलूपबंद नोंदी यांचे निरनिराळे आकडे न पाहता प्रत्येक कारणाचा हिशेब एकाच मापात, म्हणजे वापरणाऱ्यांचा किती वेळ त्यात गेला या मापात मांडायचा. सातबाऱ्याच्या उदाहरणाने पाहायचे तर, एका फेरफाराची नोंद घेताना डेटाबेस ती ओळ इतरांसाठी अडवून ठेवतो आणि ती अडवणूक लांबली तर दुसऱ्याचे काम थांबते, तेव्हा प्रक्रियक रिकामा असूनही पडदा स्थिर राहतो. वेळेचा हिशेब नसेल तर अशा वेळी नवे, अधिक ताकदीचे यंत्र विकत घेण्याचा सल्ला दिला जातो आणि तो पैसा वाया जातो.

पुढे एका विनंतीच्या वाटेत दहा-वीस यंत्रे येऊ लागली आणि प्रत्येक यंत्र आपल्या परीने निर्दोष दिसत असताना एकूण काम मंदच राही. २००३ मध्ये मार्कोस अगिलेरा आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की यंत्रांच्या आत न डोकावता, त्यांच्यामधील निरोपांच्या वेळा पाहूनही विलंबाची साखळी अनुमानाने जोडता येते. गूगलने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डॅपर’ प्रणालीत प्रत्येक विनंतीला ओळखचिन्ह देऊन तिचा माग काढला जाई, आणि भार टाळण्यासाठी दर १०२४ विनंत्यांमागे एकीचाच माग ठेवला तरी तो पुरत असे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०१५ मध्ये आणलेली ‘इग्नियो’ ही प्रणाली उद्योगांच्या संगणकजाळ्याचे नेहमीचे वर्तन शिकून घेते आणि त्यापासून झालेले विचलन हेरते. नेहमीचे वर्तन म्हणजे काय हे ठरवणे मात्र अवघड आहे, कारण मुदतीच्या आठवड्यातील गर्दी हे विचलन समजायचे की हंगामाचा भाग, याचे उत्तर पंचांगात आणि शासनाच्या परिपत्रकात असते, यंत्राच्या नोंदींत नसते.

या सर्व साधनांची नजर सर्व्हरच्या आसपास असते. गगनबावड्यात पावसाळ्यात वीज गेली, मोबाईलचा मनोरा क्षीण झाला किंवा घाटात तार तुटली, तर विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही आणि न पोहोचलेल्या विनंतीची तेथे नोंदही होत नाही. मध्यवर्ती हिशेबात तो दिवस उलट हलक्या भाराचा दिसतो.

साधनांच्या या मर्यादेचा कोल्हापूर जिल्ह्यातच वेगळ्या प्रकारचा पुरावा आहे. वारणा खोऱ्यातील सुमारे ७० गावांत १९९८ मध्ये ऊस उत्पादकांसाठी संगणक केंद्रांची योजना सुरू झाली. मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी काही वर्षांनी तिचा अभ्यास केला आणि सात गावांत आठ महिने प्रयोग करून संगणकांची सारी कामे मोबाईलवरील लघुसंदेशांनी करून दाखवली. ही पद्धत स्वस्त आणि सोयीची ठरली आणि शेतकऱ्यांना ती अधिक पसंत पडली. त्या केंद्रांतील संगणकांवर निदानाचे कोणतेही साधन बसवले असते तरी त्याने डिस्क, स्मृती किंवा वाहिनी यांपैकीच एखाद्याकडे बोट दाखवले असते; त्या कामाला तो संगणक लागतच नव्हता, हे गावोगावी जाऊन शेतकऱ्यांचे व्यवहार पाहणाऱ्यांनाच कळले.